मोलाने खेळणारा

मोलाने रडावयास बसविलेल्या माणसांचा तुकोबांनी जो उपहास केला आहे, तो मराठी मनात इतका खोल मुरला आहे की, ‘मोलाने’ हा शब्द कोणत्याही क्रियेच्या मागे जोडला म्हणजे ती क्रिया आपोआपच खोटी वाटू लागते. मोलाने केलेली स्तुती ही स्तुती नव्हे, मोलाने दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे, मोलाने करविलेले अनुष्ठानही पुष्कळांच्या दृष्टीने अनुष्ठान नव्हे. या यादीत आपण आणखी एका क्रियेची भर घातली आहे. ती म्हणजे मोलाने खेळणे. भाडोत्री, पोटभरू, धंदेवाईक ही विशेषणे आपण खेळाडूला जितक्या सहज लावतो, तितक्या सहज ती वैद्याला, वकिलाला, किंवा प्रस्तुत लेखकाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्या प्राध्यापकाला लावीत नाही. विद्यादान पवित्र आहे असे म्हणून त्याबद्दल द्रव्य घेणाऱ्यास आपण नमस्कार करतो. आणि खेळ हा निर्मळ आनंद आहे असे म्हणून त्याबद्दल द्रव्य घेणाऱ्याकडे पाहून नाक मुरडतो. हा भेद नीतीच्या कसोटीस उतरतो काय, एवढाच प्रश्न या लेखात विचारावयाचा आहे.

प्रश्न केवळ पंडिती नाही. महाविद्यालयात शिकविणाऱ्यास तो पालकांच्या तोंडून अगदी निकडीच्या रूपाने ऐकावा लागतो. मुलाच्या पायांत चेंडू खेळविण्याची कला आहे. कोणा क्लबाचे बोलावणे आले आहे. पदवीचे अखेरचे वर्ष टाकून त्याने जावे की न जावे? वडिलांच्या चिंतेत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक पोटाची: खेळावर का जन्म निभतो? दुसरी प्रतिष्ठेची: आमच्या घरातील मुलाने का पैशासाठी मैदानात धावावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर मात्र नीतिशास्त्रालाच द्यावे लागते. आमच्या नागपुरात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना एकत्र करून फुटबॉलचे जे कार्य आरंभिले, ते पुढे देशाबाहेरही ठाऊक झाले. त्या मुलांपैकी एखाद्याच्या अंगी खरी कला निघाली, तर ‘खेळ, पण पैसा घेऊ नकोस’ असे त्याला सांगणे म्हणजे ‘खेळू नकोस’ असे सांगण्याचाच सभ्य प्रकार होय.

विचार हवेत राहू नये म्हणून एक आयुष्यक्रम डोळ्यांसमोर ठेवू. ज्या प्रांतात फुटबॉल हा केवळ खेळ नसून गावोगावच्या जीवनाचा भाग आहे, आणि जेथे त्याने अनेकांना उपजीविका दिली आहे, तो प्रांत म्हणजे गोमंतक. तेथील क्लायमॅक्स लॉरेन्स हा १९७९ साली जन्मलेला खेळाडू. मधल्या फळीत खेळणारा. धेंपो या गोव्यातील क्लबाच्या वैभवाच्या काळातील एक आधारस्तंभ. आणि भारताच्या संघाचे नेतृत्वही केलेला. धेंपो संघाने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळविले. त्याच्या नावाचा इंग्रजी अर्थ ‘परमोत्कर्ष’ असा होतो. आणि त्याने पत्करलेले काम मात्र परमोत्कर्षाच्या अगदी उलट स्वभावाचे होते.

मधल्या फळीतील खेळाडूचे काम काय असते, हे ज्यांनी हा खेळ लक्षपूर्वक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. मागच्या फळीने प्रतिपक्षाला अडवावयाचे आणि पुढच्या फळीने गोल करावयाचा. या दोहोंच्या मधील विस्तीर्ण जागा ज्यांनी राखावयाची ते हे लोक. प्रतिपक्षाचा डाव उमलण्यापूर्वीच खुडावा, मिळालेला चेंडू योग्य सहकाऱ्याकडे योग्य क्षणी पोचता करावा, आणि तो पोचला की पुन्हा आपल्या जागी परत यावे. दीड तासाच्या सामन्यात असा खेळाडू दहा किलोमीटरांच्या आसपास धावतो. आणि या धावण्याचा बराचसा भाग असा असतो की, त्या वेळी चेंडू त्याच्यापासून दूर असतो. तो धावला नसता तर जी आपत्ती आली असती ती आली नाही, एवढेच त्याच्या श्रमाचे फळ. जी आपत्ती आलीच नाही तिच्याबद्दल टाळ्या कोण वाजविणार? घरातील गृहिणीचे आणि संघातील या खेळाडूचे काम या बाबतीत सारखे आहे: ते नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही.

लॉरेन्सचे नाव सामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात राहिले ते बहुधा एका क्षणामुळे. २००८ च्या जुलै महिन्यात हैदराबाद येथे आशियाई चॅलेंज चषकाच्या पहिल्या सामन्यात भारताची गाठ अफगाणिस्तानाशी पडली. ठरलेला वेळ संपला तरी एकही गोल झाला नव्हता. आणि भरपाईच्या अखेरच्या क्षणांत लॉरेन्सने गोल केला. पुढे १३ ऑगस्ट रोजी दिल्लीत ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव करून भारताने तो चषक जिंकला, आणि १९८४ नंतर प्रथमच, म्हणजे २०११ साली, भारतीय संघ आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला. नावाप्रमाणे परमोत्कर्ष त्या एका क्षणी घडला खरा. परंतु एका क्षणाच्या मागे जी अनेक वर्षांची अदृश्य धावपळ होती, तिच्या तुलनेत तो क्षण केवढासा! वेतनाचा प्रश्न विचारावयाचा असेल तर तो या अदृश्य धावपळीविषयी विचारला पाहिजे. कारण लाखो लोकांच्या जयघोषात गोल करण्यासाठी कोणीही फुकट धावेल. कोणी पाहत नसता परत मागे धावण्यासाठी कोणती प्रेरणा लागते, हा खरा प्रश्न आहे.

आता आक्षेपकाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० च्या आपल्या ग्रंथात कला आणि कारागिरी यांत असा भेद केला आहे की, पहिली ही खेळाप्रमाणे स्वतःच सुखद असते, तर दुसरी ही स्वतः कष्टप्रद असून केवळ मोबदल्यामुळे आकर्षक होते. त्याच्या मागोमाग शिलरने तर माणसाचे पूर्ण मनुष्यत्व खेळातच प्रगट होते, अशा आशयाचे मत मांडले. या विचारसरणीप्रमाणे खेळ ही अशी क्रिया आहे की, तिचे साध्य तिच्या बाहेर नाही. तिला वेतन जोडले की साध्य बाहेर गेले, आणि खेळ हे साधन झाले. म्हणजे खेळ हा खेळ राहिला नाही, मजुरी झाली. आपल्याकडील निष्काम कर्माचा पाठही याच बाजूने उभा करता येतो. फलावर दृष्टी ठेवून केलेले कर्म जर हीन, तर महिनाअखेरच्या रकमेवर दृष्टी ठेवून केलेला खेळ उच्च कसा? आक्षेप क्षुद्र नाही. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी हे पाहिले पाहिजे की, ज्या लोकांनी हे तत्त्व व्यवहारात आणले त्यांनी त्याचा उपयोग कशासाठी केला.

इंग्लंडात क्रिकेटच्या खेळाडूंचे दोन वर्ग होते: ‘जंटलमन’ म्हणजे हौशी, आणि ‘प्लेअर’ म्हणजे वेतन घेणारे. पुष्कळ मैदानांवर दोघांची बसण्याची जागा निराळी, आत येण्याची दारेही निराळी. ही विभागणी १९६२ साली मोडली, तोवर एकाच संघातील माणसे एकाच विजयासाठी दोन दारांनी मैदानात उतरत होती. ज्याच्या घरी जमिनीचे उत्पन्न होते तो अर्थातच निर्मळ आनंदासाठी खेळू शके. ज्याच्या घरी ते नव्हते त्याच्या आनंदाला मळ चिकटे. मळ खरोखर वेतनाचा होता की दारिद्र्याचा?

आपल्याकडे तर या दाराला जातीची कडीही होती. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते मैदानावरील नोकर होते; महिना चार रुपये पगार; काम खेळपट्टी राखण्याचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. मोलाने खेळणे म्हणतात ते याहून स्पष्ट कोणते असणार? परंतु त्या मोलाच्या चेंडूफेकीतूनच त्या काळच्या हिंदुस्थानातील एक श्रेष्ठ गोलंदाज घडला. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले खरे, पण चहापानाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही हिंदूंच्या संघाचे नायकत्व त्यांच्याकडे आले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. या कथेत खेळाची विटंबना कोणी केली? चार रुपये घेऊन चेंडू टाकणाऱ्याने, की एक कवडी न घेता त्याला मंडपाबाहेर ठेवणाऱ्यांनी?

असे कोणी म्हणेल की, तत्त्वाचा दुरुपयोग झाला म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. हे मान्य आहे. म्हणून ते तत्त्व अगदी प्रामाणिकपणे आणि कडकपणे जेथे अमलात आले, तेथील एक प्रसंग पाहू. जर्मनीत १९६३ साली राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्यापूर्वीच्या दीर्घ काळात तेथील फुटबॉलचे अधिकारी हौशीपणाच्या व्रताचे कडवे पुरस्कर्ते होते. गेल्झेनकिर्शन या कोळशाच्या खाणींच्या शहरात शाल्के नावाचा क्लब आहे; त्याचे खेळाडू खाणकामगारांच्या घरांतून आलेले. नियमाप्रमाणे खेळाडूला सामन्याच्या खर्चापोटी पाच मार्क देण्याची मुभा होती. शाल्केने त्याहून अधिक दिले. १९३० च्या ऑगस्टमध्ये हे उघडकीस आले, आणि त्या क्लबाच्या चौदा खेळाडूंना ‘धंदेवाईक’ ठरवून खेळातून बहिष्कृत करण्यात आले. क्लबाचे खजिनदार विली नीअर यांना हा कलंक सहन झाला नाही. त्यांनी कालव्यात आपले जीवन संपविले. मात्र लोकांचा निकाल निराळा होता. बंदी उठल्यावर १ जून १९३१ रोजी शाल्केचा संघ पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी सुमारे ७०,००० माणसे जमली. खाणीत उतरणाऱ्या लोकांना आपल्यापैकी एकाने चार मार्क अधिक घेतले यात पाप दिसले नाही. पाप दिसले ते ज्यांना कधी चार मार्कांची गरज पडली नव्हती त्यांना.

येथे कांटच्या भेदाकडे परत येऊ. त्याच्या नावाने केलेल्या आक्षेपात एक सूक्ष्म घोटाळा आहे: तो क्रियेचा आधार आणि क्रियेचा हेतू या दोन गोष्टी एक समजतो. दिव्याला तेल लागते, म्हणून दिवा तेलासाठी जळतो असे होत नाही. तेलावाचून तो जळणार नाही हे खरे. पण तो जळतो त्याचे कारण प्रकाश हेच. वेतन हे खेळाडूचे तेल आहे. त्याने सकाळी खाणीत किंवा कचेरीत न जाता मैदानावर यावे, एवढी सोय वेतन करते. म्हणजे वेतनाने त्याचा वेळ विकत घेतला जातो. परंतु त्या वेळेच्या पोटात जे घडते ते विकत घेता येत नाही. नव्वदाव्या मिनिटाला, पाय जड झाले असता, आपल्याकडे चेंडू येणार नाही हे ठाऊक असूनही मागे धावावयाचे की नाही, हे कोणत्या करारात लिहिता येईल? अध्यापकाच्या बाबतीत तरी निराळे काय आहे? तासिकेचे वेतन मिळते. पण एखाद्या मंद मुलाच्या डोळ्यांत अर्थ उजळेपर्यंत तोच मुद्दा चौथ्यांदा सांगावयाचा की नाही, हे वेतनपत्रकात नसते. निष्काम कर्म म्हणजे बिनपगारी कर्म नव्हे. पगार घेऊनही जे पगारात बसत नाही ते करीत राहणे, हा त्याचा आजच्या जगातील एक निखळ नमुना आहे.

आणि तुकोबांच्या उपहासाचे मर्मही येथेच उलगडते. मोलाचे रडणे निंद्य का? रडण्याचे सर्व मूल्य आतल्या शोकात आहे, आणि शोक नसताही रडण्याचे सोंग हुबेहूब आणता येते, म्हणून. खेळाचे तसे नाही. चांगला खेळ करण्याचे सोंग आणता येत नाही. चेंडू अचूक जाईल किंवा जाणार नाही. प्रतिपक्षाचा खेळाडू अडविला जाईल किंवा निसटेल. मैदान हे सोंगाला जागा न देणारे स्थान आहे. तेथे मोल घेणाऱ्याची परीक्षा फुकट्या इतकीच कठोर होते. म्हणून रडण्यावरचा न्याय खेळाला जसाच्या तसा लावणे चूक आहे.

तथापि या विधानाला एक अपवाद आहे. आणि तो अपवादच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. जिंकण्याचे सोंग आणता येत नाही. हरण्याचे सोंग मात्र आणता येते. किंचित उशिरा धावावे, चेंडू अगदी थोडा चुकवावा, एका क्षणापुरते नजर दुसरीकडे असावी. एवढ्याने काम भागते, आणि ते सिद्ध करणे महाकठीण. पूर्वोक्त शाल्के क्लबाच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. १७ एप्रिल १९७१ रोजी बीलेफेल्डच्या दुबळ्या संघाकडून शाल्केचा संघ स्वतःच्या मैदानावर ०-१ असा हरला. तो पराभव विकत घेतलेला होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ऑफेनबाख क्लबाच्या अध्यक्षाने ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकवून असल्या व्यवहारांचा स्फोट केला, तेव्हा निरनिराळ्या संघांतील पन्नासाहून अधिक खेळाडू दोषी ठरले. शाल्केच्या अनेक खेळाडूंनी न्यायालयात शपथेवर साफ नाकारले, आणि पुढे खोट्या शपथेबद्दल त्यांना शिक्षा झाली.

एकाच क्लबाचे हे दोन अपराध एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. १९३० साली खेळाडूंनी खेळण्यासाठी पैसे घेतले. १९७१ साली न खेळण्यासाठी घेतले. दोन्ही ठिकाणी पैसा आहे. दोन्ही ठिकाणी नियमभंग आहे. दोन्ही ठिकाणी शिक्षा झाली. परंतु ज्याच्या ठिकाणी विवेक आहे असा कोणताही मनुष्य या दोहोंना एका तराजूत घालणार नाही. पहिल्यात कला विकली गेली. दुसऱ्यात सत्य विकले गेले. वैद्याने औषधाचे पैसे घेणे आणि विषाचे पैसे घेणे यांत जे अंतर, तेच येथे. आपण जी नीतीची रेषा हौशी आणि धंदेवाईक यांच्यामध्ये ओढून बसलो होतो, ती चुकीच्या जागी ओढली होती. ती रेषा वेतन घेणारा आणि न घेणारा यांच्यामधून जात नाही. ती खेळणारा आणि खेळण्याचे सोंग करणारा यांच्यामधून जाते. आणि या दुसऱ्या वर्गात बिनपगारी लोकही असू शकतात.

राहता राहिला निष्ठेचा प्रश्न. असे म्हणतात की, मोलाने खेळणाऱ्याला गाव नसते. जो अधिक देईल तिकडे तो जातो. याविरुद्ध फ्रित्स वाल्टरचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. कैझर्सलाउटर्न या लहानशा शहरात जन्मलेला हा खेळाडू पुढच्या फळीच्या किंचित मागे राहून साऱ्या संघाचा खेळ रचीत असे. १९५१ साली माद्रिदच्या एका क्लबाने फार मोठी रक्कम देऊ केली असता त्याने ती नाकारली, आणि सारे आयुष्य आपल्या गावच्या क्लबातच खेळला. १९५४ साली बर्न येथे हंगेरीला ३-२ असे हरवून जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचा नायक तोच होता. या निष्ठेपुढे मान लवते. परंतु जे स्तुत्य आहे ते सर्वच बंधनकारक असते असे नाही. सर्वस्वदान स्तुत्य आहे. म्हणून जो सर्वस्व देत नाही तो चोर ठरत नाही.

योगायोग असा की, वाल्टरचा जन्मदिवस ३१ ऑक्टोबर हाच आमच्या नागपूरच्या सुपुत्राचाही जन्मदिवस. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म १८९५ साली येथेच झाला. १९२३ साली होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून ते इंदुरास गेले; तेथे त्यांना सैन्यात कॅप्टनचा हुद्दा मिळाला. १९२६ साली मुंबईस गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या त्या याच नायडूंनी. आणि १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यात संघाचे नायक होते तेही तेच. नागपूर सोडले म्हणून त्यांना कोणी कृतघ्न म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि ते योग्यच आहे. राजाश्रय म्हणून जे मिळते ते सन्मान्य, आणि क्लबाच्या करारातून मिळते ते मात्र हलके, हा भेद केवळ शब्दांचा आहे. दरबारातून आले काय किंवा कचेरीतून आले काय, तेल ते तेलच.

शिवाय निष्ठा ही एकेरी दोरी नव्हे. तिला दुसऱ्या टोकाला धरणारा कोणी असावा लागतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. २०१० साली मालकांनी तो संघ बंद केला. २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्यातील तीन नामांकित क्लबांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. स्पर्धेच्या नव्या रचनेत आपल्याला न्याय्य स्थान नाही अशी त्यांची तक्रार होती. तिच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, संघ सोडून खेळाडू गेला तर आपण त्याला निष्ठाहीन म्हणतो, आणि खेळाडूला सोडून संघच नाहीसा झाला तर त्याला व्यवहार म्हणतो. ज्याच्या हाती कमी आहे त्याच्याकडून अधिक त्यागाची अपेक्षा करणारे नीतिशास्त्र संशयास्पद मानले पाहिजे. क्लब पन्नास वर्षे टिकू शकतो. खेळाडूचे पाय पंधरा वर्षेच टिकतात. लॉरेन्स २०१२ साली राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला तेव्हा त्याचे वय तेहतीस होते. आमच्या व्यवसायात त्या वयाचा मनुष्य नुकता कोठे आपल्या विषयात स्थिरावू लागलेला असतो. त्याच्या व्यवसायात तो ‘जुना’ झालेला असतो. ज्याचे सारे कमावते आयुष्य असे मुठीएवढे, त्याने त्या मुठीची किंमत विचारली तर त्यात लोभ किती आणि विवेक किती?

याचा अर्थ वेतनाने सर्व काही शुद्ध होते असा कोणी घेऊ नये. वेतन हेतूच्या सिंहासनावर चढू शकते, आणि पुष्कळांच्या बाबतीत चढते. किंमत वाढली की किंमतीलाच गुण समजण्याचा मोह खेळाडूला होतो, आणि त्याहून अधिक प्रेक्षकाला. २००८ पासून आपल्याकडे क्रिकेटपटूंचे जाहीर लिलाव होतात. त्या दिवशी घरोघर माणसाच्या नावापुढील आकडे मोजले जातात. हा आकडा खेळाडूने एकट्याने लिहिलेला नसतो. आपल्या डोळ्यांची हाव त्यात मिसळलेली असते. ज्यांना गोल तेवढा दिसतो आणि त्यामागचे परत धावणे दिसत नाही, ते प्रेक्षक खेळाडूला केवळ टाळीसाठी खेळण्यास शिकवितात. आणि टाळीसाठी खेळणे हे पैशासाठी खेळण्याहून फारसे उंच नाही. खेळाडूने प्रामाणिक राहावे अशी इच्छा असेल, तर अदृश्य श्रम पाहण्याची दृष्टी आपण कमावली पाहिजे. मधल्या फळीकडे पाहावयास शिकणे हे या अर्थाने नीतीचेच शिक्षण आहे.

तेव्हा पदवीचे वर्ष टाकण्याच्या विचारात असलेल्या त्या मुलाच्या वडिलांना काय सांगावे? प्रतिष्ठेची चिंता त्यांनी खुशाल टाकून द्यावी. मोल घेऊन खेळल्याने कुळाला बट्टा लागत नाही. पोटाची चिंता मात्र त्यांनी टाकू नये. उलट मुलाबरोबर बसून करार वाचावा, पाय थकल्यावर हात काय करणार याचा विचार आजच करावा, आणि जमल्यास ती पदवीही पदरात पाडून घ्यावी. मुलाला मात्र एकच गोष्ट सांगावी: तुझा वेळ विक, त्याची चांगली किंमत घे, त्यात लाज मानू नकोस, पण नव्वदाव्या मिनिटाला चेंडू दूर असता परत धावावयाचे की नाही, हा निर्णय कोणालाही विकू नकोस. तो विकला गेला नाही तोपर्यंत तू मोलाने खेळत असलास तरी खेळतच आहेस. आणि तो विकला गेला, मग तो पैशाला असो, टाळीला असो की आळसाला असो, की मैदानात उरते ते केवळ मोलाचे रडणे.